धातु-ऑक्सिजन बंध आणि जैवानुकारी उत्प्रेरण

सजीवांच्या पेशींतील पुष्कळ एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रियांत उत्प्रेरकाचे काम करणाऱ्या प्रथिनांच्या) अंतर्भागी लोह, तांबे, मँगॅनीज यांसारख्या धातूचे एक वा अधिक अणू असतात. हे अणू हवेतील ऑक्सिजन स्वतःशी बांधून घेतात आणि नेहमीच्या तापमानाला व दाबाला तो दुसऱ्या रेणूत नेमक्या जागी घालतात. अशा एंझाइमांच्या रचनेवरून बोध घेऊन तयार केलेल्या, परंतु प्रथिन नसलेल्या उत्प्रेरकांच्या साहाय्याने विक्रिया घडवून आणण्यास जैवानुकारी उत्प्रेरण म्हणतात. विक्रियेचा वेग, तिचे लक्ष्य आणि उत्प्रेरकाचे आयुष्य या तिन्ही गोष्टी मुख्यतः धातू व ऑक्सिजन यांच्यातील बंधावर अवलंबून असतात. बंध जितका दुबळा तितका उत्प्रेरक प्रभावी, अशी एक सोपी समजूत आहे. ती अपुरी आहे. ऑक्सिजन धरून ठेवणे, त्याच्याकरवी दुसऱ्या रेणूतील हायड्रोजन ओढून घेणे आणि नंतर तो ऑक्सिजन वेळेवर सोडून देणे ही तिन्ही कामे एकाच बंधाला करावयाची असतात व त्यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. [⟶ उत्प्रेरण, एंझाइमे].

ऑक्सिजन रेणूचा संथपणा : वऱ्हाडातील खामगाव हे कापसाच्या व्यापाराचे जुने ठिकाण आहे. तेथील बाजारात व जिनिंग कारखान्यांच्या आवारात कापसाचे ढीग उघड्या हवेत पडून असतात. कापूस जवळजवळ सर्वस्वी सेल्युलोजाचा बनलेला असतो. सेल्युलोज आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होणे हे ऊर्जेच्या दृष्टीने अत्यंत अनुकूल आहे. तरीही ठिणगी पडल्याखेरीज ढीग पेटत नाही. याचे कारण ऑक्सिजनाच्या रेणूत आहे. त्यातील दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित असून त्यांचे परिवलन (स्वतःभोवतीचे फिरणे) एकाच दिशेचे असते, तर बहुतेक कार्बनी संयुगांतील सर्व इलेक्ट्रॉन युग्मित असतात. परिवलनांचा असा मेळ नसलेल्या दोन रेणूंची थेट विक्रिया फार मंद होते. सजीव सृष्टी हवेत टिकून राहिली आहे ती या अडथळ्यामुळेच.

लोह व तांबे यांसारख्या धातूंच्या अणूंत अयुग्मित इलेक्ट्रॉन असू शकतात व ते एकेक करून देता-घेता येतात. त्यामुळे धातूशी जोडला गेल्यावर ऑक्सिजनाचा अडथळा दूर होतो. धातूकडून इलेक्ट्रॉन मिळत गेल्यास दोन ऑक्सिजन अणूंमधील बंध क्रमाक्रमाने सैल होतो व शेवटी तुटतो. हवेतील ऑक्सिजनाचा अणू खरोखरच कार्बनी रेणूत जातो, तो पाण्यातून येत नाही, हे ओसामू हायाइशी आणि हॉवर्ड मेसन यांच्या गटांनी १९५५ मध्ये ऑक्सिजनाचा जड समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण भार निराळा असलेला प्रकार) वापरून स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यापूर्वी अशा एंझाइमांचे काम केवळ हायड्रोजन काढून घेण्याचे असते, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते.

बंधाचे स्वरूप : एकाच धातु-अणूशी जोडलेल्या एकट्या ऑक्सिजनाला ऑक्सो ऑक्सिजन म्हणतात. येथे ऑक्सिजनाचे इलेक्ट्रॉन-कक्षक (इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता जेथे अधिक ते प्रदेश) धातूच्या कक्षकांशी मिसळून बंधक व बंधविरोधी असे दोन प्रकारचे कक्षक तयार होतात. बंधक कक्षकांतील इलेक्ट्रॉन बंध दृढ करतात, तर बंधविरोधी कक्षकांतील इलेक्ट्रॉन तो क्षीण करतात. व्हॅनेडियमाच्या ऑक्सो आयनाच्या बाबतीत हे चित्र कार्ल बालहाउझेन व हॅरी ग्रे यांनी १९६२ मध्ये मांडले. आवर्त सारणीत टिटॅनियम व व्हॅनेडियम यांच्याकडून उजवीकडे जावे तसे धातूच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन वाढतात आणि ते बंधविरोधी कक्षकांत शिरू लागतात. टिटॅनियम व व्हॅनेडियम यांचा ऑक्सो बंध म्हणूनच घट्ट व बहुधा निरुद्योगी असतो. लोहाच्या बाबतीत तो टिकतो, पण जेमतेम. कोबाल्टापासून पुढच्या धातूंत, निदान अष्टफलकी मांडणीत, असा एकेरी टोकाचा बंध जवळजवळ टिकूच शकत नाही. या मर्यादेला रसायनशास्त्रज्ञ ‘ऑक्सो भिंत’ असे नाव देतात. भिंतीपलीकडील तांबे ऑक्सिजन धरते ते बहुधा दोन अणूंच्या मध्ये पूल बांधून.

घन ऑक्साइडांतील बंध व एकट्या रेणूतील बंध यांची सरसकट तुलना करता येत नाही. तरी कल येथेही दिसतो. चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असल्यामुळे खामगावला रजतनगरी म्हणतात. तेथील पेढ्यांतील चांदीवर कालांतराने काळसर थर चढतो, तो ऑक्साइडाचा नसून सल्फाइडाचा असतो; हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तो तयार होतो. चांदी व ऑक्सिजन यांचा बंध इतका दुबळा आहे की, चांदीचे ऑक्साइड २००° ते ३००° से.च्या दरम्यान तापविल्यास ते विघटन पावून चांदी व ऑक्सिजन वेगळे होतात. उलट, टिटॅनियम डाय-ऑक्साइड १,८००° से.च्या पुढे वितळते, तरी त्यातील ऑक्सिजन सहजी सुटत नाही. या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशातील धातूच जीवसृष्टीने या कामी निवडलेले दिसतात.

हायड्रोजन ओढून घेण्याची शक्ती : यकृतात औषधे व विषारी द्रव्ये यांचे रूपांतर करणारी सायटोक्रोम पी-४५० ही एंझाइमे या विषयाचा पाया समजली जातात. कार्बन मोनॉक्साइडाबरोबर त्यांचे प्रकाशशोषण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते, यावरून हे नाव पडले. त्यांतील हीम (लोह व पॉर्फिरीन यांचे जटिल संयुग) हीमोग्लोबिनातील हीमासारखेच असते. तथापि हीमोग्लोबिन ऑक्सिजन जसाच्या तसा वाहून नेते व सोडते, तर पी-४५० त्याचे दोन तुकडे करते. महत्त्वाचा फरक लोहाच्या पाचव्या बाजूला आहे. हीमोग्लोबिनात तेथे हिस्टिडिनाचा नायट्रोजन असतो, पी-४५० मध्ये सिस्टीनाचे ऋण विद्युत्‌ भारित गंधक असते. हे गंधक लोहाकडे इलेक्ट्रॉन ढकलते, त्यामुळे ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटण्यास मदत होते. एक ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातो व दुसरा लोहावर राहतो. या अवस्थेत लोह चतुःसंयुजी असून पॉर्फिरीन वलयातूनही एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो. अतिशय अल्पायुषी अशी ही अवस्था पकडून तिचे गुणधर्म मोजण्यात जॉन रिटल व मायकेल ग्रीन यांना २०१० मध्ये यश आले.

ही अवस्था कार्बन-हायड्रोजन बंधावर दोन टप्प्यांत हल्ला करते. प्रथम ऑक्सो ऑक्सिजन कार्बनावरील हायड्रोजन अणू ओढून घेतो. लोहावर हायड्रॉक्सिल गट व बाजूला कार्बनाचा मुक्त मूलक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला अणुगट) उरतो. लगेच हा मूलक लोहावरील हायड्रॉक्सिल उचलतो व अल्कोहॉल तयार होते. या दुसऱ्या टप्प्याला ‘पुनरुत्पतन’ म्हणता येईल. ही यंत्रणा जॉन ग्रोव्हझ यांनी १९७०–८० या दशकात सुचविली.

पहिला टप्पा शक्य होईल की नाही, हे धातु-ऑक्सिजन बंध किती कमजोर आहे यापेक्षा नव्याने बनणारा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध किती बळकट आहे यावर अधिक अवलंबून असते. हायड्रोजन अणू म्हणजे एक इलेक्ट्रॉन व एक प्रोटॉन. धातूची इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ आणि ऑक्सिजनाची प्रोटॉन घेण्याची ओढ (क्षारकता) या दोहोंच्या बेरजेने त्या बंधाचे बळ ठरते. सिस्टीनाचे गंधक इलेक्ट्रॉन पुरवून लोहाची इलेक्ट्रॉन-ओढ थोडी कमी करते. प्रथमदर्शनी हा तोटा वाटतो. परंतु त्याच वेळी ते ऑक्सिजनाची क्षारकता वाढविते. याचा फायदा असा की, प्रथिनाच्या स्वतःच्या नाजूक भागांतून इलेक्ट्रॉन खेचून घेण्याइतकी तीव्र शक्ती न बाळगताही एंझाइम दणकट कार्बन-हायड्रोजन बंध तोडू शकते. केवळ ऑक्सिडीकारक शक्ती वाढवीत गेल्यास काय होते, ते हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेल्या लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या विक्रियेत दिसते. तिच्यात तयार होणारा हायड्रॉक्सिल मूलक धातूपासून सुटलेला असतो आणि समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. रंगद्रव्यमिश्रित सांडपाणी स्वच्छ करण्यास तो चांगला, पण एखादा पदार्थ शुद्ध स्वरूपात बनविण्यास निरुपयोगी.

मिथेनाची कसोटी : कार्बन-हायड्रोजन बंधांपैकी मिथेनातील बंध विशेष बळकट आहे, तो तोडण्यास दर मोलास सु. ४३९ किलोजूल ऊर्जा लागते. मिथेनापासून मिथेनॉल बनविले, तर मिथेनॉलातील कार्बन-हायड्रोजन बंध त्याहून दुबळा असल्याने ते आधी जळू लागते. म्हणून मिथेन जाळणे सोपे, पण मिथेनॉलापाशी थांबणे अवघड. नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल बनविण्याची रूढ औद्योगिक पद्धत हा प्रश्न टाळून जाते. ती मिथेन व वाफ यांपासून ८००° ते ९००° से. तापमानाला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार करते आणि त्यांपासून दाबाखाली मिथेनॉल बांधते. महाराष्ट्रात तुर्भे व तळोजे येथील कारखान्यांत मिथेनॉल निर्माण झाले, ते अशा मोठ्या संयंत्रांतून.

बुलढाणा जिल्ह्यातच, लोणार येथील सरोवराच्या चिखलात, मात्र हे काम नेहमीच्या तापमानाला चालते. अशनिपाताने बेसाल्ट खडकात झालेल्या सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरातील हे पाणी खारे व अत्यंत अल्कधर्मी आहे. गाळाच्या ऑक्सिजनविरहित थरांत मिथेन निर्माण होतो व वर येताना सूक्ष्मजंतूंकडून काही अंशी वापरला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठातील कॉलिन मरेल यांच्या गटांनी जड कार्बन असलेला मिथेन या गाळाला पुरवून तो कोणाच्या डीएनएत उतरतो ते पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मिथेन वापरणाऱ्यांत मिथिलोमायक्रोबियम वंशाचे सूक्ष्मजंतू प्रमुख असल्याचे आढळले. कोणत्याही ज्ञात मिथेनभक्षी सूक्ष्मजंतूंशी न जुळणारे जनुक-क्रमही तेथे सापडले. लोणारच्या पाण्याचा २०२० साली बदललेला गुलाबी रंग वृत्तपत्रांतून गाजला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने गाळातील ही मूक विक्रिया त्याहून कमी आश्चर्याची नाही.

मिथेनभक्षी सूक्ष्मजंतू मिथेन मोनोऑक्सिजिनेज हे एंझाइम वापरतात. त्याचे दोन प्रकार आहेत. विद्राव्य प्रकारात लोहाचे दोन अणू जवळजवळ असतात. ऑक्सिजन आल्यावर ते दोन्ही चतुःसंयुजी होऊन ‘क्यू’ नावाची अवस्था येते व तीच मिथेनावर हल्ला करते. ‘क्यू’मध्ये दोन लोह व दोन ऑक्सिजन मिळून समभुज चौकोनासारखी बंद रचना असावी, असे १९९७ मध्ये क्ष-किरण शोषणाच्या मापनांवरून सुचविले गेले व २०१५ मधील प्रकाश-प्रकीर्णनाच्या प्रयोगांनी त्यास पाठिंबा दिला. तथापि २०१८ मध्ये अधिक सूक्ष्म क्ष-किरण मापनांत दोन लोहांमधील अंतर बरेच जास्त असल्याचे आढळून एका बाजूने उघडी रचना अधिक संभवते, असे मत पुढे आले. हा वाद केवळ आकृतीपुरता नाही. बंद चौकोनात प्रत्येक ऑक्सिजन दोन धातूंना बांधलेला असतो व म्हणून मंद असावयास हवा. उघड्या रचनेत एक ऑक्सिजन मोकळ्या टोकाशी राहतो व त्याची हायड्रोजन खेचण्याची क्षमता कृत्रिम नमुन्यांत पुष्कळ पटींनी अधिक दिसली आहे.

दुसरा प्रकार पेशीपटलात रुतलेला असून त्यात तांबे असते. बहुतेक मिथेनभक्षी हाच वापरतात, आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत ते तांब्याची चणचण असेल तेव्हा लोहाच्या प्रकाराकडे वळतात. या ताम्र-एंझाइमाची स्फटिक-रचना २००५ मध्ये ज्ञात झाली. तरी त्यातील नेमके कोणते तांबे ऑक्सिजन बांधते, याबद्दलची मते अनेकदा बदलली. प्रारंभी दोन अणूंचे स्थान, २०१९ मध्ये एकएकट्या अणूंची स्थाने आणि २०२२ मध्ये एंझाइम मेदपटलात ठेवून घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांतून नवेच ताम्रस्थान, असा हा क्रम आहे. पटलापासून वेगळे करताना प्रथिनाचा एक भाग विस्कळित होऊन ते स्थान आधीच्या रचनांत दिसले नव्हते.

कृत्रिम उत्प्रेरक : हीमाचे अनुकरण ग्रोव्हझ यांनी १९७९ मध्ये लोह-पॉर्फिरीन व आयडोसिलबेंझीन यांच्या साहाय्याने प्रथम साधले. हीमविरहित चतुःसंयुजी लोहाच्या ऑक्सो संयुगाची स्फटिक-रचना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत लोह-ऑक्सिजन अंतर १·६५ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = १० नॅनोमीटरांचा शंभरावा भाग) इतके भरले. एंझाइमांतही अंतर जवळजवळ एवढेच असते. मग नमुन्याचे संयुग मंद व एंझाइम चपळ का? याचे एक उत्तर परिवलनात मिळते. बहुतेक कृत्रिम संयुगांत लोहाचे दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित असतात, तर टॉरीन डायऑक्सिजिनेजासारख्या एंझाइमात चार. चार अयुग्मित इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत हायड्रोजनाकडून येणारा इलेक्ट्रॉन सामावून घेणारा कक्षक ऑक्सिजनाच्या दिशेने मोकळा असतो व विक्रियेतील ऊर्जेची चढण कमी होते. लांबी सारखी असूनही वर्तन भिन्न असू शकते, हे यावरून कळते. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत गोपालन राजारामन यांच्या गटाने अशा संयुगांतील परिवलन-अवस्था व विक्रियाशीलता यांचा संगणकीय अभ्यास केला आहे.

बंधविरोधी एकाच इलेक्ट्रॉनाने किती फरक पडतो, याचा बोलका दाखला टेरेन्स कॉलिन्झ यांनी विकसित केलेल्या वलयाकार चतुरमाइड लिगँडांत (धातूभोवती जोडल्या जाणाऱ्या रेणूंत) मिळतो. पंचसंयुजी मँगॅनिजाचे या प्रकारचे ऑक्सो संयुग नेहमीच्या तापमानाला टिकते, पण आळशी असते. त्यात बंधविरोधी इलेक्ट्रॉन नाही. मँगॅनिजाऐवजी पंचसंयुजी लोह घेतल्यास असा एक इलेक्ट्रॉन येतो आणि संयुग इतके विक्रियाशील बनते की, २००७ मध्ये ते प्रथम मिळाले तेव्हा शून्याखाली बऱ्याच अंशांवर ठेवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सायम सेन गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिगँडाच्या एका भागात बाययुरेट गट घालून तेथील सहज ऑक्सिडीभूत होणारी जागा काढून टाकली. परिणामी २०१४ मध्ये पंचसंयुजी लोहाचे ऑक्सो संयुग नेहमीच्या तापमानाला टिकविता आले व त्याने सायक्लोहेक्झेनासारख्या संयुगातील बळकट बंधावरही विक्रिया केली. येथे लोह-ऑक्सिजन बंध दुबळा वा सबळ केलेला नव्हता. त्याच्या शेजारचे घर आगीपासून वाचविले होते. या क्षेत्रातील पुष्कळ अपयशांचे मूळ बंधात नसून अशा शेजारात असते.

याच प्रयोगशाळेत पॉल रत्नस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०–२००० या दशकात निराळा मार्ग चोखाळला. त्यांनी तांब्याची फ्थॅलोसायनीन, सॅलेन व ॲसिटेट संयुगे झिओलाइट खनिजाच्या पोकळ्यांत कोंडली. पोकळीचे तोंड लहान असल्याने दोन उत्प्रेरक-रेणू एकमेकांना भिडून नष्ट होऊ शकत नाहीत. प्रथिनाच्या वेष्टनाचे एक काम अशा रीतीने खनिजाकडून करून घेतले जाते. द्विताम्र ॲसिटेटाचा नमुना टायरोसिनेज या एंझाइमावरून घेतला होता. चिरलेले वांगे हवेत काळे पडते ते त्याच कुळातील ताम्र-एंझाइमांमुळे. त्यांत ऑक्सिजनाचा रेणू दोन तांब्यांच्या मध्ये आडवा धरलेला असतो. रॉबर्ट राजा व रत्नस्वामी यांनी १९९७ मध्ये क्लोरिनयुक्त ताम्र-फ्थॅलोसायनीन कोंडलेल्या झिओलाइटावर मिथेनापासून मिथेनॉल मिळविल्याचे प्रसिद्ध केले.

सोडून देण्याची अडचण : धातूचे आयन थेट झिओलाइटात बसवूनही अशी स्थाने तयार होतात. ताम्रयुक्त झिओलाइटात दोन तांब्यांमध्ये वाकलेल्या पुलासारखा एक ऑक्सिजन असतो, हे २००९ मध्ये निश्चित झाले. लोहयुक्त झिओलाइटातील क्रियाशील स्थान एकट्या चतुःसंयुजी लोहाचे, चार अयुग्मित इलेक्ट्रॉनांचे आहे, असे २०१६ मध्ये दिसून आले. एंझाइमांच्या अभ्यासातून सुचलेले हेच वैशिष्ट्य खनिजात आयते सापडावे, हा योग लक्षणीय आहे. अशी स्थाने मिथेनाचा बंध सहज तोडतात. अडते ते नंतर. तयार झालेले मिथेनॉल धातूला किंवा जवळच्या ऑक्सिजनाला चिकटून बसते व पाण्याने वा वाफेने धुऊन काढावे लागते. मग घन पदार्थ पुन्हा तापवून ऑक्सिजनाने भारावा लागतो. अशा पद्धतीत विक्रिया फेऱ्यांनी चालते, अखंड चालत नाही. तापमान वाढवून मिथेनॉल सोडविण्याचा प्रयत्न केल्यास ते जळू लागते. म्हणून या विषयावरील निष्कर्षांत किती टक्के मिथेनॉल मिळाले एवढेच न पाहता, एका धातु-अणूने निकामी होण्यापूर्वी किती रेणू बनविले, हा आकडा पाहणे आवश्यक असते. पुष्कळ नमुन्यांच्या बाबतीत तो निराशाजनक आहे.

एंझाइमांनी या अडचणीवर अनेक उपाय योजलेले आढळतात. विद्राव्य मिथेन मोनोऑक्सिजिनेजात एक साहाय्यक प्रथिन जोडले जाते व सुटते. त्यानुसार क्रियाशील स्थानाकडे जाणारी वाट उघडते वा मिटते. २०१० मध्ये लक्षात आलेल्या, सेल्युलोजासारखे बहुशर्करी रेणू तोडणाऱ्या ताम्र-एंझाइमांत एकाच तांब्याला दोन हिस्टिडिनांनी चिमट्यासारखे धरलेले असते. कापसातील सेल्युलोजाच्या स्फटिकमय पृष्ठभागावर ही एंझाइमे सपाट बसतात आणि साखळीतील बळकट कार्बन-हायड्रोजन बंधावर ऑक्सिजन घालून साखळी तोडतात. समोर योग्य रेणू नसताना ऑक्सिजन सक्रिय झाला, तर ते तांब्यालगतचे हिस्टिडीनच जाळून टाकतात. अशा एंझाइमांत क्रियाशील स्थानापासून पृष्ठभागापर्यंत टायरोसीन व ट्रिप्टोफेन यांच्या रांगा आढळतात. त्यांच्यावरून इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने आत पुरवून बेभान झालेला ऑक्सिजन शांत केला जात असावा, असे हॅरी ग्रे व जे विंक्लर यांनी २०१५ मध्ये सुचविले. कृत्रिम उत्प्रेरकांत अशी सुरक्षा-वाट बांधण्याचे प्रयत्न अजून प्राथमिक अवस्थेत आहेत.